अंडाशयाचा कर्करोग, तिसरी स्टेज: आधी केमो की आधी ऑपरेशन, आणि त्यानंतरचं सगळं

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते. आईचं वय ५८. दोन-तीन महिने पोट फुगल्यासारखं वाटत होतं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. गॅसेस समजून औषधं चालू होती. मग सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही अंडाशयांवर गाठी आणि आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर जाड थर निघाला. सीए-१२५, म्हणजे या आजारात रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाचा आकडा, आहे १,४२०. बायोप्सीचा रिपोर्ट हाय-ग्रेड सीरस कार्सिनोमा (या कर्करोगाचा वेगाने वाढणारा प्रकार), स्टेज थ्री-सी. डॉक्टरांनी तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन केमो असं सांगितलंय आणि मामा विचारताहेत, गाठ आधी काढून का टाकत नाहीत? तुमचे स्वतःचे प्रश्न वेगळे आहेत: जीन टेस्ट खरंच लागते का, आजार परत येतो का, आईला किती सांगायचं, आणि तुम्हाला स्वतःला धोका आहे का.

आईचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत. त्यामुळे तिच्यासाठी नेमका निर्णय तिच्या डॉक्टरांचाच. पण या आजाराच्या बायकांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि तुमचे प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतात.

तुम्ही विचारलं नाही, पण ओळीओळीतून जाणवतंय ते आधी सांगते. "आम्ही आधी लक्ष द्यायला हवं होतं." या आजारात पोट फुगणं, भूक मंदावणं, वारंवार लघवीला जाणं, ओटीपोटात दुखणं हीच लक्षणं असतात, आणि ती इतर शंभर साध्या कारणांनीही होतात. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर मोठा अभ्यास झाला. काहींची दरवर्षी सीए-१२५ची रक्ततपासणी केली, काहींची सोनोग्राफी. २०२१ साली त्याचे अखेरचे निष्कर्ष आले: रक्ततपासणीच्या गटात काही आजार लवकरच्या स्टेजला सापडले, पण दोन्हींपैकी कुठल्याच तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. ठरवून, दरवर्षी शोधूनही जे साधलं नाही, ते घरच्यांना पोट फुगण्यावरून ओळखता यायला हवं होतं असं म्हणणं अन्यायाचं आहे. हे ओझं उतरवून ठेवा. पुढच्या कामाला तुमची ताकद लागणार आहे.

आता मामांचा प्रश्न. तो रास्त आहे, पण त्यामागे 'एक गाठ आहे आणि ती काढायची आहे' असं चित्र आहे. हाय-ग्रेड सीरस प्रकाराची सुरुवात बऱ्याचदा अंडाशयातही नसते. गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी होते. ते टोक पोटाच्या पोकळीत उघडतं. तिथून सुटलेल्या पेशी पोटातल्या द्रवाबरोबर फिरतात आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर, आतड्यांवर, यकृताच्या वरच्या बाजूला, चरबीच्या पडद्यावर रुजतात. भिंतीवर रंगाचे शिंतोडे उडावेत तसे काही टिपके मोठे, काही डोळ्यांना जेमतेम दिसणारे. थ्री-सी म्हणजे ओटीपोटाच्या बाहेर, पोटाच्या अस्तरावर २ सेंटिमीटरपेक्षा मोठे साठे आहेत. म्हणून ऑपरेशनमध्ये गर्भपिशवी, दोन्ही अंडाशय, नळ्या आणि चरबीचा पडदा काढतातच. शिवाय अस्तरावरचा प्रत्येक साठा शोधून काढावा लागतो. कधी आतड्याचा तुकडाही काढावा लागतो.

आणि या ऑपरेशनचा सगळा फायदा एका गोष्टीवर टिकून आहे: शेवटी पोटात डोळ्यांना दिसेल असा आजार उरला की नाही. काहीच उरला नाही, तर फायदा मोठा. बराच उरला, तर बाईने एवढं मोठं ऑपरेशन सोसलं आणि केमो सुरू व्हायलाही उशीर झाला, हाती फारसं काही आलं नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न असा: "आज ऑपरेशन केलं तर सगळा आजार निघेल असं तुम्हाला वाटतं का? नसेल, तर कुठल्या जागेमुळे?" चांगला सर्जन याचं उत्तर स्कॅन समोर ठेवून देतो. लहान आतड्याच्या मुळाशी आजार पसरलेला आहे, छातीत पाणी आहे, प्रथिनं फार कमी झालीत, पेशंटला चार पावलं चालवत नाही, अशी कारणं असतात.

आधी केमो देणं म्हणजे ऑपरेशन टाळणं नव्हे. युरोपातल्या ईओआरटीसी गटाच्या अभ्यासात (२०१०) आणि ब्रिटनच्या कोरस अभ्यासात (२०१५) हे दोन्ही मार्ग समोरासमोर ठेवून तपासले. आधी केमो घेणाऱ्या बायका आधी ऑपरेशन झालेल्यांपेक्षा कमी जगल्या नाहीत, आणि ऑपरेशननंतरची गंभीर गुंतागुंत त्यांच्यात कमी झाली. वाद तिथे संपला नाही, कारण त्या अभ्यासांतल्या ऑपरेशनांचा दर्जा पुरेसा नव्हता असा आक्षेप होता. म्हणून निवडक अनुभवी केंद्रांत ट्रस्ट नावाचा अभ्यास झाला. २०२५ साली त्याचे निष्कर्ष आले: आधी ऑपरेशन झालेल्यांत आजार थोडा उशिरा परतला, पण एकूण आयुष्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. माझं मत यातून बनलेलं आहे. प्रकृती धडधाकट आणि आजार पूर्ण निघण्यासारखा असेल, तर आधी ऑपरेशन. आई पोटातल्या पाण्याने थकलेली असेल आणि जेवण जात नसेल, तर आधी केमो. दुसऱ्या मार्गाला जाणाऱ्या बाईचं काही कमी होत नाही.

क्रमापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते ऑपरेशन करणारे हात. हे काम गायनॅक-ऑन्कोलॉजी सर्जनचं आहे, म्हणजे स्त्रियांच्या कॅन्सरची ऑपरेशनं हाच ज्याचा रोजचा व्यवसाय आहे त्याचं. सेकंड ओपिनियन एकदाच घ्यायचं असेल तर ते इथे घ्या. त्यासाठी आठवडाभर गेला तर काही बिघडत नाही; पाचव्या डॉक्टरकडे जाण्यात महिना गेला तर मात्र बिघडतं.

ऑपरेशनच्या वेळी पोटात गरम केमो फिरवण्याचा पर्याय, ज्याला हायपेक म्हणतात, तोही तुमच्या कानावर येईल. तिसऱ्या स्टेजमध्ये, आधी केमो घेतलेल्या बायकांत, ऑपरेशनच्या शेवटी तो दिल्याने फायदा झाल्याचा एक चांगला डच अभ्यास २०१८ साली आला. पण तो नीट झालेल्या ऑपरेशनची भर आहे, त्याची जागा घेऊ शकत नाही. हायपेकच्या नावावर हॉस्पिटल निवडू नका.

केमोबद्दल. दर तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, एकूण सहा सायकल, ही जगभरची पायाभूत पद्धत आहे. (काही ठिकाणी पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला कमी डोसने देतात, थकलेल्या पेशंटला ते सोसतं.) कार्बोप्लॅटिनचा डोस मूत्रपिंडाच्या कामावरून ठरतो, म्हणून दोन बायकांचे डोस जुळत नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या बाईशी तुलना करून घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग आणि सांधे दुखतात, मग उतरतात. उलटीचं औषध चालू असताना बद्धकोष्ठता होते. तिची वाट न बघता पहिल्या दिवसापासून उपाय करा. केस जातात, बहुतेकदा भुवया-पापण्यांसकट, आणि उपचार संपल्यावर परत येतात.

दोन गोष्टी मात्र फ्रिजवर लिहून लावा. साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात, खरं तर केमो चालू असताना केव्हाही, ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. दुसरं, एका पायाला सूज, पोटरीत दुखणं किंवा अचानक धाप. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि वेळेवर औषध मिळालं तर त्या आटोक्यात येतात.

हातापायांच्या मुंग्या आई सांगणार नाही. बहुतेक बायका सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं केमो थांबेल. तुम्ही विचारा: ब्लाउजचं हूक लावता येतं का, चप्पल पायातून निसटलेली कळते का? येत नसेल, कळत नसेल तर पुढच्या सायकलआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. उशीर केला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

सीए-१२५ वर मी मुद्दाम थांबते, कारण या एका आकड्याने कितीतरी घरांची झोप उडवलेली मी पाहते. साधारण ३५ पर्यंतचा आकडा सामान्य धरतात. सुरुवातीचा आकडा १,४०० आहे की ६,००० यावरून पुढचं भविष्य सांगता येत नाही. पोटात पाणी जास्त असलं, अस्तर चिडलेलं असलं की तो चढतो. ऑपरेशननंतरही काही आठवडे चढलेला असू शकतो. उपयोग आहे तो दिशेचा: केमो सुरू झाल्यावर तो भराभर उतरतोय का. तोही दर सायकलला एकदा बघितला की पुरे.

उपचार संपल्यावर तर हे आणखी नीट समजून घ्यायला हवं. २०१० साली एक अभ्यास आला. उपचार पूर्ण झालेल्या बायकांत सीए-१२५ वाढल्याबरोबर केमो सुरू करायची, की लक्षणं येईपर्यंत थांबायचं, हे त्यात तपासलं होतं. लवकर सुरू केलेल्या बायका जास्त जगल्या नाहीत. त्यांना केमो मात्र जास्त मिळाली आणि रोजचं जगणं आधी बिघडलं. आकडा अजिबात बघूच नये असं मी म्हणत नाही, कारण परतलेला आजार ऑपरेशनजोगा असेल तर वेळेत कळण्याचा फायदा होऊ शकतो. पण तपासणी कधी, किती अंतराने हे डॉक्टरांशी ठरवा, आणि मध्येच मनाला चैन पडावं म्हणून रक्त देऊ नका. चैन पडत नाही.

जीन टेस्ट: हो, लागते, आणि आत्ताच. हाय-ग्रेड सीरस प्रकाराच्या साधारण पाचपैकी एका बाईत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जीनमध्ये बिघाड असतो; बहुतेकींत तो जन्मजात, काहींत फक्त गाठीत. "आमच्या घरात कुणाला कॅन्सर नाही" म्हणून टाळू नका, कारण हा बिघाड वडिलांकडूनही येतो आणि पुरुषांमध्ये बऱ्याचदा पिढ्यान्‌पिढ्या दिसत नाही. जन्मजात बिघाडासाठी रक्त किंवा लाळ लागते. गाठीवरची एचआरडी नावाची तपासणी वेगळी. ती पेशींची डीएनए दुरुस्त करण्याची एक मुख्य व्यवस्था मोडलेली आहे का ते सांगते. तिच्यासाठी बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, लागतो. आईच्या बाबतीत केमोच्या आधी घेतलेला ब्लॉक जपून ठेवायला सांगा, कारण केमो चांगली लागू पडली तर ऑपरेशनच्या वेळी तपासायला पुरेशी गाठ उरतच नाही. ती आनंदाचीच गोष्ट, पण टेस्ट अडते. रिपोर्टला काही आठवडे जातात, म्हणून शेवटच्या केमोपर्यंत थांबू नये.

या रिपोर्टवरून ठरतं ते केमोनंतरचं औषध. पार्प इन्हिबिटर या गोळ्या पेशींचा डीएनए दुरुस्तीचा दुसरा मार्ग बंद करतात. बीआरसीए बिघडलेल्या कॅन्सरपेशीचा पहिला मार्ग आधीच मोडलेला असतो, त्यामुळे ती तगत नाही. निरोगी पेशी तगतात. बीआरसीए बिघाड असलेल्या आणि केमोला प्रतिसाद दिलेल्या बायकांना दोन वर्षं ओलापरिब देऊन सोलो-१ अभ्यास झाला. सात वर्षांनी गोळी घेतलेल्यांपैकी ६७ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी साडेशेहेचाळीस टक्के. या आजारात एवढा फरक आम्ही आधी कधी पाहिला नव्हता. थकवा, मळमळ, हिमोग्लोबिन उतरणं हे त्रास पहिल्या काही महिन्यांत जास्त असतात, आणि रक्ताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात. फार थोड्या जणींना पुढे रक्ताचा गंभीर आजारही होऊ शकतो, हे आधीच माहीत असावं.

बीआरसीए ठीक पण एचआरडी पॉझिटिव्ह असेल, तरीही या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो, काही वेळा बेव्हॅसिझुमॅबच्या जोडीने. बेव्हॅसिझुमॅब गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखतं. पोटात खूप पाणी होणाऱ्या बायकांत ते उपयोगी पडतं, मात्र रक्तदाब वाढतो, क्वचित आतड्याला छिद्र पडतं आणि ऑपरेशनच्या आसपास ते बंद ठेवावं लागतं. दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले, तर गोळीचा फायदा थोडाच असतो. नीरापरिबच्या प्रायमा अभ्यासात आजार परतायला वेळ लागला, पण अखेरीस एकूण आयुष्यात फरक दिसला नाही. अशा वेळी महागडी गोळी घेतली नाही तर आपण आईसाठी कमी पडलो असं वाटून घेऊ नका. नुसतं लक्ष ठेवणं हा तिथे विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

परत येतो का? ताई, खरं सांगायचं तर या स्टेजला बहुतेक जणींत येतो. दहापैकी सात-आठ जणींत, आणि बऱ्याचदा पहिल्या तीन वर्षांत. हे वाचून तुम्हाला थांबावं लागेल, थांबा. मग पुढचं वाचा, कारण परत येणं म्हणजे लगेच शेवट असं या आजारात होत नाही. शेवटच्या प्लॅटिनम केमोनंतर (म्हणजे कार्बोप्लॅटिनसारख्या औषधांनंतर) आजार किती काळ शांत राहिला यावर पुढचं ठरतं. सहा महिन्यांहून बराच जास्त काळ गेला असेल, तर तीच प्लॅटिनम औषधं बहुधा पुन्हा लागू पडतात. (दुसऱ्या खेपेला कार्बोप्लॅटिनची ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते, सलाईन चालू असताना तळहात खाजले, चेहरा लाल झाला तर लगेच नर्सला बोलवायचं.) आजार एक-दोन ठिकाणीच परतला असेल आणि प्रकृती चांगली असेल, तर निवडक बायकांत पुन्हा ऑपरेशनने आयुष्य वाढतं, हे २०२१ साली आलेल्या डेस्कटॉप-३ अभ्यासात दिसलं, पण तेही सगळं निघालं तरच. सहा महिन्यांच्या आत परतला तर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, बेव्हॅसिझुमॅब असे मार्ग असतात. मिर्व्हेटुक्सिमॅब हे नवं औषधही आहे, पण गाठीच्या पेशींवर फोलेट रिसेप्टर अल्फा नावाचं प्रथिन भरपूर असलेल्यांनाच ते चालतं, म्हणजे अशा साधारण तिघींपैकी एकीला. ते घेताना डोळ्यांची नियमित तपासणी लागते.

कितीतरी बायका असा आजार वर्षानुवर्षं सांभाळून जगतात: काही महिने उपचार, मग काही महिने किंवा वर्षं मोकळी. त्या मोकळ्या काळात काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि तो काळ पुढच्या स्कॅनच्या भीतीत वाया जातो. आईला चालायला लावा, रोज, थकवा असला तरी थोडं. केमोच्या थकव्यावर यासारखा उपाय नाही. प्रथिनं पोटात जायला हवीत. पथ्यांच्या याद्या वाढवत नेऊ नका, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाल्लेलं बरं. कुठलाही काढा किंवा चूर्ण चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. यकृतावर परिणाम झाला की दोष केमोवर जातो आणि योग्य औषध थांबतं. पोट फुगून घट्ट झालं, गॅस सरेना, उलट्या थांबेनात, तर ती आतड्याच्या अडथळ्याची खूण असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

पॅलिएटिव्ह केअर हा शब्द ऐकून घरचे दचकतात. वेदना, मळमळ, पोटातलं पाणी, झोप, मनाची घालमेल यांवर काम करणारे हे डॉक्टर आहेत, आणि केमो चालू असतानाच त्यांची गाठ घेतलेली चांगली. सगळं संपल्यावर बोलवायचे लोक म्हणून त्यांच्याकडे पाहू नका.

आईला किती सांगायचं. तुम्ही लिहिलंय की तिला "पोटात गाठ आहे" एवढंच सांगितलंय. मला तुमची माया कळते. पण केस जातील, पोटावर मोठा छेद येईल, वॉर्डात इतर बायका बोलतील. ती ओळखेल, आणि मग तुमच्याकडे बघून न ओळखल्याचं दाखवेल. दोघी एकाच घरात एकट्या पडाल. ऑपरेशन आणि जीन टेस्ट दोन्हींसाठी तिची स्वतःची संमती लागते, ती तिला कळल्याशिवाय कशी द्यायची? एकदम सगळं सांगायची गरज नाही. तिला विचारा, "तुला काय झालंय असं तुला वाटतं? तुला किती जाणून घ्यायचंय?" मग ती विचारेल तेवढ्याचं खरं उत्तर द्या. आकडे तिने मागितले नाहीत तर सांगू नका. खोटं मात्र काही सांगू नका.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. आधी आईची टेस्ट, मग तुमची. तिच्यात जन्मजात बिघाड सापडला तर तो तुमच्यात, तुमच्या भावातही, असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी, आणि मग तेवढाच नेमका बिघाड शोधायचा असल्यामुळे तुमची तपासणी सोपी होते. बीआरसीए-१ असेल तर वयाच्या ८०व्या वर्षापर्यंत अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका साधारण ४४ टक्के, बीआरसीए-२ असेल तर साधारण १७ टक्के. स्तनांचा धोका दोन्हींत याहून जास्त, त्याची तपासणी वेगळी आखावी लागते. अंडाशय आणि नळ्या आधीच काढून टाकण्याचा सल्ला बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४० वयात आणि बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ वयात, मुलंबाळं झाल्यावर, देतात. त्याने पाळी लवकर जाते, हाडांचा आणि गरम झळांचा प्रश्न येतो. त्यावर उपाय आहेत, पण ते जेनेटिक समुपदेशकाशी आणि गायनॅकशी बसून बोलायचं. आईचा रिपोर्ट येण्याआधी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सीए-१२५ करत बसू नका, त्याने तुम्हाला संरक्षण मिळत नाही. रिपोर्ट आला की त्याची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि मावशीला व मामांनाही द्या. त्यांच्या मुलींनाही ती लागेल.